कुत्र्यांचं देणं

१८८९ सालच्या ऑक्टोबरात डॉ. थॉमस लॉडर ब्रंटन हे लंडनचे नामांकित औषधशास्त्रज्ञ हैदराबादला येऊन दाखल झाले. खर्च निजामाचा होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यासाठी एक हजार पौंड दिले होते, आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने ब्रंटनना आपला प्रतिनिधी म्हणून धाडलं होतं. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हे सगळं तेव्हा याच निजामाच्या राज्यात होतं. या राजधानीत पुढचे काही आठवडे एका प्रश्नाचा निकाल लावण्याची खटपट चालणार होती. क्लोरोफॉर्मची भूल दिलेला माणूस टेबलावरच दगावतो, तेव्हा आधी काय थांबतं? श्वास की हृदय?

प्रश्न पुस्तकी नव्हता. १८४८च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढायला गेली आणि क्लोरोफॉर्म हुंगवल्यावर काही मिनिटांत मेली. तेव्हापासून असे मृत्यू अधूनमधून होतच होते आणि डॉक्टरांचे दोन तट पडले होते. एक तट म्हणे, नाडीवर बोट ठेवा, धोका हृदयाला आहे. दुसरा म्हणे, नाडी सोडा, श्वासावर नजर ठेवा. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी दुसऱ्या तटाचे, आणि तेही कट्टर. एडिंबरोच्या जेम्स साइम यांच्या शिकवणीत ते तयार झाले होते. रुग्णाचा श्वास सांभाळला तर क्लोरोफॉर्मने कोणी मरत नाही, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. १८८८मध्ये त्यांनी पहिलं ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ बसवलं आणि आपलं म्हणणं कुत्र्यांवरच्या प्रयोगांनी सिद्ध झाल्याचं जाहीर केलं. ‘लॅन्सेट’ला ते पटेना. म्हणून हे दुसरं कमिशन, आणि म्हणूनच ब्रंटन. ते आले तेव्हा विरुद्ध मताचे होते.

या दुसऱ्या कमिशनने जवळपास पाचशे प्राणी वापरले. घोडे, माकडं, बकऱ्या, मांजरं, ससेही होते, पण मुख्य भरणा कुत्र्यांचा. क्लोरोफॉर्म देत राहायचं, रक्तदाबाची रेषा यंत्राने कागदावर उमटवत राहायची, श्वास कधी थांबतो आणि ठोका कधी थांबतो ते बघायचं. रेषा आधी खाली उतरे, मग श्वास बंद पडे, हृदय मात्र त्यानंतरही काही वेळ धुगधुगत राही. त्या अवधीत कुत्र्याच्या फुफ्फुसात हवा भरायला सुरुवात केली तर बरेचदा तो परत श्वास घेऊ लागे. उशीर झाला की खेळ खलास. ब्रंटन आपलं मत बदलून लंडनला परतले आणि लॉरींचा जय झाला. लॉरींच्याच हाताखाली हैदराबादला शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी पुढे जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत गणल्या गेल्या. भुलेच्या शास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्याला हैदराबाद वगळून पुढे जाता येत नाही, ते असं.

पण निकाल अर्धाच बरोबर होता.

त्याच १८८९ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉन मॅकविल्यम नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने एक वेगळीच शक्यता मांडली. हृदय दमून हळूहळू थांबतं असंच नेहमी होत नाही. कधी कधी त्याचे स्नायू ताल सोडून नुसते थरथरायला लागतात. थरथर आहे, पण रक्त पुढे जात नाही. आपण आज ज्याला ‘व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन’ म्हणतो ते हेच. पुढे १९११मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं, की भूल हलकी असताना अंगात ॲड्रेनॅलिन उसळलं तर क्लोरोफॉर्म हृदयाला अशा थरथरीत ढकलतो आणि प्राणी क्षणात जातो. म्हणजे घाबरलेला, अर्धवट भुलेतला रुग्ण सगळ्यात धोक्यात. हॅना ग्रीनर अशीच घाबरलेली होती. हैदराबादच्या प्रयोगांचा भर होता भूल गाढ करत नेण्यावर. त्या रीतीने श्वासच आधी थांबणार. प्रयोग खोटे नव्हते, मात्र ते एकाच तऱ्हेच्या मरणाचं उत्तर देत होते आणि त्यावरून सगळ्या मरणांचा निवाडा केला गेला.

आज पशुवैद्यकाच्या टेबलावर कुत्र्याचं हृदय थांबतं तेव्हा हाच जुना प्रश्न पहिल्या मिनिटात उभा राहतो. हृदय शांत पडलंय की थरथरतंय? कारण दोन्हींचा इलाज वेगळा.

माणसासाठी कुत्रा

थांबलेलं हृदय परत चालू करण्याची जवळजवळ प्रत्येक युक्ती आधी कुत्र्यावर करून पाहिली गेली आहे. १६६७मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत रॉबर्ट हुक यांनी छाती उघडलेल्या कुत्र्याला भात्याने हवा देऊन जिवंत ठेवून दाखवलं. १८७४मध्ये फ्लॉरेन्सला मॉरिट्झ शिफ यांनी क्लोरोफॉर्मने थांबलेलं कुत्र्याचं हृदय छाती उघडून हाताने दाबलं आणि ते पुन्हा चालू झालं. १८९९मध्ये जिनिव्हाच्या प्रेव्हो आणि बातेली यांनी कुत्र्याच्या थरथरत्या हृदयाला विजेचा मोठा झटका दिला, तर थरथर थांबून ताल परत आला. १९०६मध्ये अमेरिकेत क्राइल आणि डॉली यांनी भुलेने किंवा गुदमरून मेलेल्या कुत्र्यांना सलाईन आणि ॲड्रेनॅलिन देऊन परत आणल्याचं प्रसिद्ध केलं. पेटीतलं ॲड्रेनॅलिन, भिंतीवरचं झटक्याचं यंत्र, घशात घालायची नळी, या सगळ्याची सुरुवात अशी कुठल्या तरी कुत्र्यापाशी जाऊन पोचते.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र योगायोगाने हाती लागली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवन हे विद्युत अभियंते विजेच्या झटक्याने मरणाऱ्या लाइनमनना वाचवायचा मार्ग शोधत होते. कुत्र्याची छाती न उघडता, वरून झटका देऊन थरथर थांबवायची, हा त्यांचा प्रयत्न. १९५८मध्ये त्यांचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आलं, की झटक्याच्या जड पट्ट्या कुत्र्याच्या छातीवर जोराने दाबल्या की वीज सोडायच्या आधीच रक्तदाबाची रेषा किंचित वर उचलली जाते. वीज नाही, औषध नाही, तरी रक्त पुढे ढकललं जातंय. मग पट्ट्या बाजूला ठेवून हातांनीच लयीत छाती दाबून पाहिली आणि कुत्र्यांचं रक्ताभिसरण बाहेरून चालू ठेवता येऊ लागलं. सर्जन जेम्स ज्यूड यांनी ते माणसांवर आणलं. ९ जुलै १९६०ला अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या तिघांचा निबंध आला: वीस रुग्ण, त्यातले चौदा वाचले. आज रेल्वे स्थानकावर, शाळेत, जिममध्ये शिकवला जाणारा सीपीआर तो हाच.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्याकडे ‘प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा’ झाला. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती नेमायची तरतूद त्यात आहे. हैदराबादच्या पाचशे जनावरांबद्दल कोणी विचारलं नव्हतं. आता विचारावं लागणार होतं.

प्रयोगातला कुत्रा आणि रुग्ण कुत्रा, मुंबईत हे दोन्ही परळच्या एकाच वस्तीत दिसतात. केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांचे सहकारी साठच्या दशकात कुत्र्यांवर हृदयरोपणाचा सराव करत होते. त्याच्याच जोरावर १६ फेब्रुवारी १९६८ला त्यांनी माणसावरचं आशियातलं पहिलं हृदयरोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. आणि तिथून पायी जाण्याच्या अंतरावर १८८६पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला लागून बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं रुग्णालय. एका इमारतीत कुत्रा माणसाच्या हृदयासाठी टेबलावर, दुसरीत कुत्राच रुग्ण. कुत्र्यांवर सिद्ध झालेली हृदय चालू करण्याची विद्या माणसांच्या रुग्णालयांत जगभर गेली, जनावरांच्या रुग्णालयांत यायला मात्र तिने फार वेळ लावला.

परतफेडीचं वर्ष, २०१२

१९६०नंतर अर्धशतकभर पशुवैद्यक माणसांच्याच सूचना थोड्या वळवून कुत्र्यांना लावत राहिले. कोणी मिनिटाला ८० वेळा दाबे, कोणी १५०. कोणी पाठीवर झोपवे, कोणी कुशीवर. २०१२मध्ये मॅन्युएल बोलर आणि डॅनियल फ्लेचर यांच्या पुढाकाराने शंभरहून अधिक पशुवैद्यक एकत्र बसले, उपलब्ध पुरावे चाळले आणि कुत्र्यामांजरांच्या सीपीआरची पहिली पुराव्यावर उभी नियमावली ‘रिकव्हर’ या नावाने बाहेर आली. २०२४मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. गंमत अशी, की त्यातले पुष्कळ पुरावे मूळ प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांचेच होते. माणसासाठी केलेले प्रयोग कुत्र्याच्या बाजूने वाचायला मात्र इतकी वर्षं गेली.

या नियमावलीतला पहिला धडा: शहानिशा करण्यात वेळ घालवू नका. कुत्रा हाकेला, हलवण्याला प्रतिसाद देत नाही आणि श्वास घेत नाही, एवढं दिसलं की दाबायला सुरुवात. ही खात्री दहापंधरा सेकंदांत करायची. मांडीच्या आतली नाडी शोधत बसायचं नाही, कारण अशा वेळी आपल्याच बोटांची धडधड नाडी वाटते. मधूनच तोंड उघडून आचका दिल्यासारखा श्वास येतो, तो श्वास धरायचा नाही. हृदय चालू असलेल्या कुत्र्याला चुकून दाबलं तर इजा होण्याची शक्यता कमी, आणि बंद हृदय न दाबता सोडलं तर मरण नक्की. हिशेब सरळ आहे.

दुसरा धडा छातीच्या घडणीचा. माणसाची छाती पुढून मागे चपटी, म्हणून आपण पाठीवर झोपवून मधलं हाड दाबतो. बहुतेक कुत्र्यांची छाती उभट असते. त्यांना पाठीवर ठेवलं तर ते लवंडतात. म्हणून कुशीवर, डाव्या किंवा उजव्या. तरीही सगळे कुत्रे सारखे नाहीत. लॅब्रॅडॉरसारख्या गोल पिंपासारख्या छातीच्या मोठ्या कुत्र्यात हात छातीच्या सगळ्यात रुंद भागावर. तिथे हृदय थेट दाबलं जात नाही. छातीतला एकूण दाब वाढतो आणि त्या दाबाने रक्त हलतं. ग्रेहाउंड किंवा आपल्याकडच्या कारवानीसारख्या अरुंद, खोल छातीच्या कुत्र्यात हात हृदयाच्या बरोबर वर, पुढचा पाय मुडपला की कोपर जिथे येतं तिथे. बुलडॉगसारखे रुंद, चपट्या छातीचे कुत्रे मात्र माणसासारखे पाठीवर. अगदी लहान पिल्लू किंवा छोट्या जातीचा कुत्रा असेल तर दोन्ही हातांचा भार नको. एका हाताच्या पंजात छाती धरून दाबली तरी पुरते.

वेग मिनिटाला १०० ते १२०. खोली, कुशीवर असेल तर छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते अर्धी. ही अर्धी रुंदी ऐकायला सोपी वाटते, प्रत्यक्षात तीस किलोच्या कुत्र्यावर दोन मिनिटं दाबणाऱ्याच्या मनगटांना आणि कंबरेला ती कळते. आणि दाबण्याइतकंच सोडणं महत्त्वाचं. पिळलेला स्पंज सैल सोडला तरच त्यात पुन्हा पाणी भरतं, तसं छाती पूर्ण वर येऊ दिली तरच हृदयात रक्त परत येतं. दमलेला माणूस नकळत छातीवर रेलून राहतो आणि तिथेच चूक होते. म्हणून दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, आणि ही अदलाबदल दहा सेकंदांच्या आत उरकायची. जेवढा वेळ हात थांबतात तेवढा वेळ मेंदूला रक्त नाही.

दवाखान्यात हे चालू असताना दुसऱ्याने घशात नळी घालायची, कुशीवरच, दाबणं न थांबवता. मग मिनिटाला दहा श्वास, जास्त नाही. घाबरलेला सहायक भराभर पिशवी दाबतो आणि छातीतला दाब वाढवून हृदयाकडे येणारं रक्त अडवतो. तिसऱ्याने शिरेत सुई, ईसीजी आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा मापक. हृदय शांत असेल तर ॲड्रेनॅलिन, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी. पूर्वी दसपट डोस देत, ते २०२४च्या आवृत्तीने मागे टाकलं. थरथर असेल तर विजेचा झटका.

कार्बन डायऑक्साइडचा तो आकडा या सगळ्या धावपळीतला खरा पंच. फुफ्फुसापर्यंत रक्त पोचलं तरच तो वायू श्वासातून बाहेर येतो. दाबण्याची ताकद कमी पडली की आकडा घसरतो. नव्या नियमावलीने तो १८च्या खाली जाऊ देऊ नका असं सांगितलंय. पडद्यावर आठ, दहा, बारा असं रेंगाळत असलेला आकडा एका क्षणी अचानक पस्तिशीत उडी मारतो. तेव्हा कोणी हात थांबवण्याआधीच सगळ्यांना कळलेलं असतं, हृदय चालू झालंय.

ठोका आला, कुत्रा कधी येणार?

इथे मालकाचा जीव भांड्यात पडतो. डॉक्टरचा पडत नाही. ठोका परत आलेल्या कुत्र्यांपैकी बरेच पुढच्या काही तासांत किंवा दिवसात पुन्हा बंद पडतात. हृदय मुळात ज्या कारणाने थांबलं ते कारण जागेवरच असतं. शिवाय रक्त परत मिळाल्यावरच मेंदूतली खरी पडझड सुरू होते. उपाशी राहिलेल्या पेशींत प्राणवायू एकदम घुसला की विषारी रसायनं तयार होतात आणि सूज येते. म्हणून जास्त प्राणवायूही घातक. रक्तातलं त्याचं प्रमाण ९४ ते ९८ टक्क्यांतच ठेवायचं. रक्तदाब पडू द्यायचा नाही, साखर चढू द्यायची नाही, आकडी आली तर लगेच औषध.

अंग गार पडलेलं असेल तर घाईने ब्लँकेट आणि गरम पाण्याच्या बाटल्या लावण्याचा मोह आवरायचा. शरीर सावकाश तापू द्यायचं, तासाला अर्ध्या अंशाहून जास्त नाही. हा धडाही कुत्र्यांचाच. पीटर साफार यांच्या पिट्सबर्गच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर दिसलं, की हृदय चालू झाल्यावर शरीर थोडं थंड ठेवलं तर मेंदू अधिक सावरतो. २००२मध्ये माणसांवरच्या दोन चाचण्यांनी त्याला दुजोरा दिला. पुढच्या चाचण्यांनी थंडी किती हवी याबद्दल शंका काढल्या, पण ताप येऊ द्यायचा नाही यावर मतभेद नाही.

वाचलेला कुत्रा शुद्धीवर येतो तेव्हा अनेकदा तो आपला वाटत नाही. डोळे उघडे, पण दिसत नाही. भिंतीला धडकतो. डोळ्यांत दोष नसतो, मेंदूचा पाहणारा भाग प्राणवायूविना राहिलेला असतो. पाय अडखळतात, गोल गोल फिरतो, हाकेला वळत नाही, रात्रभर केकाटतो. फासळ्या दुखावलेल्या असतात. हे पाहून पुष्कळ मालक पहिल्याच दिवशी ‘त्याचे हाल नकोत’ म्हणतात. नोंदवलेल्या रुग्णांत हे अंधत्व आणि हे अडखळणं काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत उतरलेलं आहे. म्हणून पहिल्या एकदोन दिवसांच्या रूपावरून कायमचा निर्णय घेऊ नये. उलट दिवस जाऊनही बाहुल्या प्रकाशाला आकसत नाहीत, स्वतःचा श्वास येत नाही, शुद्धीची खूण नाही, तर ते लांबवण्यात कुत्र्याचं भलं नाही.

आकडे आणि अंतर

आता आशेचं माप. दवाखान्यात हृदय बंद पडलेल्या कुत्र्यामांजरांपैकी साधारण सहासात टक्केच घरी परततात. माणसांत हा आकडा वीस टक्क्यांच्या आसपास. दीर्घ आजाराने, कर्करोगाने किंवा शरीरभर पसरलेल्या जंतुसंसर्गाने खंगलेल्या कुत्र्याचं हृदय थांबतं, तेव्हा ते आजाराचं शेवटचं पान असतं, आणि तिथे सीपीआर न करणं हाही योग्य निर्णय असू शकतो. तो आधी, शांतपणे, डॉक्टरांशी बोलून ठरवावा. पण भूल दिलेली असताना हृदय थांबलं तर चित्र पालटतं. काही नोंदींत असे ४७ टक्क्यांपर्यंत प्राणी वाचलेले आहेत. कारण उघड आहे. प्राणी मुळात धडधाकट, नळी आधीच घशात, सुई शिरेत, माणसं भोवती आणि भूल बंद करता येते. लॉरी आणि ब्रंटन ज्या टेबलाशी भांडले, तेच टेबल आज सगळ्यात जास्त जीव परत देतं.

घरी थांबलेल्या हृदयाचं गणित कठीण. लखनऊच्या रायबरेली रोडवर आवास विकास परिषदेने वसवलेली वृंदावन योजना ही वसाहत घ्या. शेजारीच संजय गांधी पीजीआयसारखी नावाजलेली वैद्यकीय संस्था. माणसाचं हृदय बंद पडलं तर झटक्याचं यंत्र हाकेच्या अंतरावर. तिथल्याच एखाद्या घरातला पग मे महिन्याच्या उन्हात धापा टाकत कोसळला तर त्या दारात त्याला प्रवेश नाही. पुण्याच्या कोथरूडला, नागपूरच्या धंतोलीलाही हेच. कुत्रा गाडीत घालून दवाखान्याकडे पळवेपर्यंत मेंदूची चारपाच मिनिटं सरलेली असतात. म्हणून एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने मागच्या सीटवर दाबत राहायचं, तीसदा दाबून दोन श्वास: मान सरळ, तोंड हाताने घट्ट मिटून, नाकातून. कुत्रा अनोळखी, रस्त्यावरचा किंवा लस न दिलेला असेल तर श्वास देऊ नये, नुसतं दाबावं. रेबीज असलेल्या देशात ही सावधगिरी भित्रेपणाची नाही. आणि हा सराव घरच्या धडधाकट कुत्र्यावर कधीही करायचा नाही, उशीवर करायचा.

त्याहून मोठा फायदा मात्र शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी विचारलेल्या चार प्रश्नांत आहे. नसबंदीची असो वा दातांची, भूल देताना नळी घालणार का? शिरेत सुई आधी लावणार का? श्वास आणि ठोका बघायला वेगळा माणूस उभा असेल का? हृदय थांबलं तर लागणारी औषधं वजनाप्रमाणे मोजून तयार आहेत का? चांगला पशुवैद्यक या प्रश्नांनी दुखावला जात नाही, त्याच्याकडे उत्तरं असतात. नियमावली फुकट वाचायला मिळते, औषधं महाग नाहीत. कमी आहे तो सराव. दोन सहायक आणि एक डॉक्टर एवढ्याच माणसांच्या दवाखान्यानेही बाहुलीवर तालीम करून, कोण दाबणार आणि कोण नळी घालणार हे आधी वाटून घेतलं, तर त्याच पगारात, त्याच जागेत वाचणारे कुत्रे वाढतील. विद्या कुत्र्यांनी केव्हाच पुरवली आहे, तालीम तेवढी आपल्याकडून बाकी आहे.